आईसाठी पाच फुटी मोर

२ डिसेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार. डॉक्टर म्हणाले बीपीला बरं असतं.

काल भोईवाड्याला सुशांतकडे गेलो होतो. धाकटा भाऊ. आई त्याच्याकडे असते. आमची काळाचौकीची चाळ पाडली तेव्हा आम्ही ट्रान्झिट कॅम्पात गेलो, तिथे जिना वाईट, म्हणून आई तात्पुरती धाकट्याकडे राहिली. तात्पुरती म्हणता म्हणता नऊ वर्षं झाली. आता टॉवर झालाय. चौदावा मजला. लिफ्ट आहे, कमोड आहे, खिडकीतून माझगावच्या क्रेन दिसतात. आईने थोरल्याकडे यायला आता काय हरकत आहे? कालही विचारलं. म्हणाली, बघूया.

हे बघूया मी दिवाळीपासून ऐकतोय.

एक मात्र माझ्या नजरेतून सुटलं नाही. आई दिवसभर वेळ विचारत असते. किती वाजले रे सुशांत? किती वाजले गो वैशाली? आणि ती दोघं नवराबायको हातातलं काम न सोडता सांगतात. सांगतील नाहीतर काय करतील? सुशांतच्या घरात धड घड्याळ नाही. एक आहे ते पतपेढीने दिलेलं, वीस मिनिटं पुढे. बाबांची पहिली पाळी चुकू नये म्हणून आमच्याकडे घड्याळ कायम पुढे. बाबा गेले, गिरणी बंद पडली, पण काटा मागे घ्यायचं कोणाच्या मनात आलं नाही.

ऐंशी ओलांडलेल्या बाईला साधी वेळ लोकांकडे मागावी लागते!

ठरलं. आईसाठी घड्याळ. साधं नाही. मोठं. आमच्या दारातून आत पाऊल टाकलं की बघत राहिली पाहिजे.

३ डिसेंबर, मंगळवार

मेघनाला सांगितलं. बायको म्हणून आधी तिला सांगणं भाग आहे. म्हणाली, आपल्या घरात तीन घड्याळं आहेत. बरोबर. एक पतपेढीचं, सुशांतकडे आहे तसलंच. एक वॉर्डातल्या साहेबांचं, त्यात साहेब हात जोडून हसतायत आणि काटे त्यांच्या पोटावरून फिरतात. एक हळदीकुंकवाला वाण म्हणून आलेलं. तिन्ही पुढे, आणि तिन्ही आपापल्या मर्जीने पुढे. याला घड्याळं म्हणत नाहीत, असं सांगितलं.

मेघना म्हणाली, आईंना घड्याळ नकोय हो. मग काय हवंय विचारलं, तर म्हणाली, तुमची आई आहे, तुम्ही ओळखा. हिला काही विचारायची सोय नाही.

८ डिसेंबर, रविवार

दादर. उन्मेषचं दुकान. उन्मेष माझा शाळासोबती, नववीत दोनदा बसला, आता होम डेकोरमध्ये आहे. त्याने मला एका भिंतीसमोर उभं केलं आणि दिवा लावला.

मोर. धातूचा, पिसारा फुलवलेला. पाच फूट. पिसाऱ्यात निळे-हिरवे खडे, पोटात डायल. उन्मेष म्हणाला, हितू, हे घड्याळ नाही, स्टेटमेंट आहे. मी म्हटलं आकडे कुठायत? डायलवर नुसते बारा खडे. तो म्हणाला, रॉयल घड्याळाला आकडे नसतात, ज्यांना वेळेची गरज असते त्यांना आकडे लागतात. पटलं.

किंमत इथे लिहीत नाही. परत घेणार नाही असं उन्मेषने तीनदा सांगितलं. परत देतोय कोण?

येताना लालबागला मसाल्याच्या दुकानापाशी जुने शेजारी भेटले. पहिला प्रश्न, आई कुठे असते? धाकट्याकडे म्हटल्यावर मान हलवली आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली. काळाचौकीत हे मला रोज कोणीतरी विचारतंच. नवीन वर्षापासून उत्तर वेगळं असेल.

मला आई घरी हवीय. बस. बावन्न वर्षांच्या माणसाला हे लिहिणं शोभत नाही. उद्या खोडतो.

१४ डिसेंबर, शनिवार

मोर आला. लिफ्टमध्ये गेला नाही. उभा, आडवा, तिरका, काही केल्या नाही. टेम्पोवाला म्हणाला माझं काम गेटपर्यंत, आणि गेला. हद्द झाली!

शेवटी आमच्या मंडळाचा जयवंत धावला. चार पोरं घेऊन आला. गणपती चढवणारी पोरं, त्यांना मोर म्हणजे किस झाड की पत्ती. मोराला ओरखडे पडू नयेत म्हणून जयवंतने वरून चादर टाकली, आणि तिथेच घोटाळा झाला. चादरीखाली झाकलेलं, चौघांच्या खांद्यावर, आणि पोरांच्या तोंडून सवयीने मोरया! दुसऱ्या मजल्यावर चपला निघाल्या. पाचव्यावर एक काकू हळदकुंकू आणि तांब्याभर पाणी घेऊन आडव्या आल्या. पोरांच्या पायांवर पाणी घातलं. कोण आहे विचारलं. जयवंत धापा टाकत म्हणाला, मोर. काकू म्हणाल्या, म्हणजे सरस्वती! आणि हात जोडले. मी काय सांगणार? नवव्या मजल्यापर्यंत मागे बारा-पंधरा माणसं झाली होती. दहाव्यावर कोणीतरी विचारलं, विसर्जन कधी?

चादर काढल्यावर सगळे थोडा वेळ बघत राहिले. मग काकू म्हणाल्या, घड्याळ होय, आणि उतरू लागल्या. चोचीवर कुंकू तसंच आहे. पुसत नाही. शुभ असतं.

१५ डिसेंबर, रविवार

ड्रिलवाला आला. पहिल्या भोकाला भिंत पोकळ लागली, दुसऱ्याला आतली वायर. घर अंधारात. वैदेहीचं ऑनलाइन काहीतरी चालू होतं ते तुटलं. एकुलती एक मुलगी, घरून नोकरी करते, दिवसभर कानात हेडफोन. आज हेडफोन काढून माझ्याकडे नुसतं बघितलं.

अखेर बाबांचा फोटो होता ती भिंत मिळाली. बाबांना तात्पुरतं फ्रिजवर ठेवलंय.

मोर लागला! हॉल भरून गेला. सोफा पुढे ओढावा लागला, त्यामुळे टीव्ही गुडघ्याला लागतो. पण काय दिसतो! जुनी तिन्ही घड्याळं भंगारवाल्याला दिली. आता घरात एकच वेळ, आणि तीही खरी. मोबाइलशी जुळवून सेकंदावर लावली. आमच्या खानदानात पहिल्यांदा.

मेघनाने वर बघितलं आणि सवयीने वीस मिनिटं वजा केली. दुपारी आपल्या भावाच्या घरी जेवायला गेली, ती उशिरा पोचली. माझ्यावर राग काढला. सवय लागेल.

१९ डिसेंबर, गुरुवार

आकड्यांचं उन्मेषचं म्हणणं तितकंसं बरोबर नाही. मलाच साडेसात की साडेआठ कळेना, ऑफिसला लेट मार्क. आई कशी वाचणार? भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा कापून चिकटवल्या. ठळक, देवनागरी. चार नंबरच्या खाली बारीक अक्षरात संकष्टी छापलेलं आहे, ते राहू दे.

मेघना म्हणाली, आता कॅलेंडर पण गेलं.

२२ डिसेंबर, रविवार

आई आली!! स्वतः टॅक्सी करून भोईवाड्याहून आणली. सुशांत बॅग घेऊन खाली उतरला, गोळ्या कशा द्यायच्या ते समजावत होता. मला शिकवतो. मी म्हटलं, बघतो मी.

कायमचं राहण्याला अट एकच. म्हणाली, संक्रांतीपर्यंत बघतंय, जीव रमलो तर रवतलंय. रमणार. न रमायला काय झालं?

मोरासमोर उभी केली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. बराच वेळ बघून म्हणाली, बरो असा. मग इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, ह्येंका फ्रिजार कित्याक बसयलास? बाबांचा फोटो. तात्पुरतं म्हटलं.

चहा पिता पिता म्हणाली, किती वाजले रे हितू? मी या क्षणाची किती वाट बघितली होती! काही न बोलता बोट दाखवलं. समोर बघ आई. आता तुला कोणाच्या तोंडाकडे बघायला नको. आई म्हणाली, हां. चहा संपवला.

२४ डिसेंबर, मंगळवार

घरात सूचना दिली. आईने वेळ विचारली तर कोणी सांगायची नाही. फक्त समोर बघ म्हणायचं. तिला स्वतः बघायची सवय लागली पाहिजे. या वयात माणसाने कोणावर अवलंबून असू नये, मी पुढारलेल्या विचारांचा आहे.

वैदेही हो म्हणाली, तिला काय विचारलं ते कळलं नसावं. मेघना म्हणाली, मी सांगणार. स्वयंपाकघरात तिने दोनदा सांगितली, वर कोळंबीचं काय करायचं यावर दोघींच्या अर्धा तास गप्पा, आईच्या भाषेत गजाली, चालल्या होत्या. अशाने आईला शिस्त कशी लागेल? मेघनाला बाजूला घेऊन बोललो. नंतर तिने सांगणं सोडलं. बरं झालं.

२८ डिसेंबर, शनिवार

आज सुट्टी, म्हणून पूर्ण दिवस लक्ष ठेवलं. आईने फक्त दोनदा वेळ विचारली! आली तेव्हा तोंडाला खंड नव्हता. प्रयोग यशस्वी. सुशांतला नऊ वर्षांत जमलं नाही ते मी एका आठवड्यात करून दाखवलं. त्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, दादा, मग ती दिवसभर काय बोलते? काही नाही, मस्त शांत बसून असते म्हटलं. त्याने फोन ठेवला. जळतो.

जेवण मात्र कमी झालंय. वयाने होतं.

२ जानेवारी, गुरुवार

धक्का. ऑफिसातून आलो तर आई मंडळाच्या ऑफिसात, कॅरमच्या शेजारी खुर्ची टाकून बसलेली. हातात कटिंग. जयवंत म्हणाला, काका, आजी रोज येते ना. किती वाजले विचारते. आम्ही सांगतो, चहा पाजतो. तिच्या गावच्या, वालावलच्या जत्रेच्या काय काय गोष्टी सांगते, एक नंबर आहे आजी!

चौदा मजले उतरून वेळ विचारायला! घरात पाच फुटी घड्याळ असताना! काळाचौकी काय म्हणेल?

वर आणलं. विचारलं, आई, दिसत नाही का मोर? म्हणाली, दिसता. मग? ती चपला काढून आत गेली.

ती मला बरं वाटावं म्हणून दिसतंय म्हणते, दुसरं काय असणार. दृष्टी गेली आहे. उपाय करतो. मी हार मानणार नाही.

४ जानेवारी, शनिवार

डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदूचं जुनं ऑपरेशन छान झालेलं आहे म्हणाले, तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा तिने वाचली. डॉक्टरांना आईने विचारलं, तुमचां गाव खंयचां? मग दोघं बोलत बसले, बाहेर पेशंट खोळंबले. येताना टॅक्सीत आई खुशीत होती. म्हणजे डोळ्यांचा प्रश्न नाही.

मग काय? मोराला बोलतं करावं लागेल. आज कळलं, कमतरता आहे ती आवाजाची!

५ जानेवारी, रविवार

उन्मेषकडे. त्याच्याकडे बोलणारं मशीन निघालं, डायलच्या मागे बसवायचं, तासातासाला वेळ सांगतं. बाईचा आवाज. भाषा इंग्रजी, मराठीत येत नाही म्हणे. याचीही किंमत लिहीत नाही.

बसवलं. बारा वाजता मोर बोलला. इट इज ट्वेल्व्ह ओ क्लॉक. वैदेही हेडफोन लावूनही दचकली. आई दाराकडे गेली, कोण आलंय बघायला.

८ जानेवारी, बुधवार

तब्येत बरी नव्हती म्हणून घरी राहिलो. बीपी. (रोजनिशीचा काही उपयोग दिसत नाही.) आत पडलो होतो. मेघना कामावर, वैदेहीचं दार बंद.

मोर म्हणाला, इट इज वन ओ क्लॉक. आई हॉलमध्ये एकटी. म्हणाली, वाजलो गो एक? जेवलंस?

मला वाटलं कोणी आलंय. बाहेर डोकावलं. कोणी नव्हतं. आई मोराकडे बघत होती. मग आपणच म्हणाली, माजा झाला. सुको बांगडो होतो.

मी आत येऊन पडलो. गोळी घेतली.

हे चांगलं लक्षण आहे. मोराची सवय होतेय तिला. जीव रमतोय.

रमतोय ना?

११ जानेवारी, शनिवार

संक्रांत मंगळवारी. आईने अजून राहते म्हटलेलं नाही. विचारायचं धाडस होत नाही. मोराचा आवाज वाढवला. खालच्या मजल्यावरून तक्रार आली. मोराभोवती दिव्यांची माळ सोडली, लाल-हिरवी. मेघना म्हणाली, अहो, जरा आईंजवळ बसा की. म्हटलं माळ लावतोय ती कोणासाठी? बसायला फुरसत आहे कोणाला?

कोळंब्या आणल्या, मोठ्या. आईने एक खाल्ली.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

सुशांत आणि वैशाली तिळगूळ द्यायला आले. आई सोफ्यावर बसली होती, लुगडं बदललेलं, शेजारी बॅग. भरलेली. कधी भरली ते कोणालाच ठाऊक नाही.

मी म्हटलं, आई, काय झालं? काही कमी पडलं का? म्हणाली, नाय रे. तुज्याकडे सगळां असा. मग का? मी खरंच अगदी हात जोडले, त्या जुन्या घड्याळातल्या साहेबांसारखे. म्हटलं, आई, हे लहान वाटतं का? उन्मेषकडे सात फुटी आहे, सूर्याच्या आकाराचं. अजून मोठं आणू?

वैशालीने तोंड फिरवलं. हसली की रडली माहीत नाही.

आई शांतपणे म्हणाली, आमच्या घरात घड्याळ पयल्यापासून खोटां बोलता. म्हणान माणसाक इचारूचां. माणूस येळ सांगता आणि फुडे दोन गजाली करता. तुजो मोर खरां बोलता रे झिला. पण गजाली खंय करता?

मी काही बोलायच्या आत मोर म्हणाला, इट इज फाइव्ह ओ क्लॉक.

खाली टॅक्सीपर्यंत गेलो. जयवंत आणि पोरं पाया पडायला आली. आईने प्रत्येकाला तिळगूळ दिला, मलाही. हातात ठेवताना म्हणाली, येत जा. मी म्हटलं, तूच ये. टॅक्सी सुटली तरी हातातला लाडू तसाच. भर रस्त्यात रडू आलं. जयवंतला म्हटलं, डोळ्यात कचरा गेला. तो म्हणाला, हो काका, बांधकाम चालू आहे ना.

१५ जानेवारी, बुधवार

शांत डोक्याने विचार केला. चूक घड्याळाची नाही. दिशेची आहे. मोराची चोच दक्षिणेला. समोरच्या भिंतीवर हलवला की आई येईल. ड्रिलवाल्याला फोन केला. त्याने पत्ता ऐकून कट केला.

१९ जानेवारी, रविवार

बोलणारं मशीन काढलं. बाबांना फ्रिजवरून उतरवलं, पण लावायला भिंत नाही. सोफ्यावर ठेवलंय. आई बसायची त्याच कोपऱ्यात. टीव्ही बघताना आम्ही तिघं जरा सरकून बसतो.

उन्मेषला फोन. परत घेणार नाही म्हणाला, अर्ध्यातही नाही. मंडळाला देतो म्हटलं, तर जयवंत म्हणाला, काका, ठेवणार कुठे?

मेघना संध्याकाळी जवळ येऊन बसली. म्हणाली, भोईवाडा इथून चालत किती लांब आहे? म्हटलं, मला काय ठाऊक, मी टॅक्सीने जातो. ती उठून आत गेली.

संकल्प: रोज आईला फोन. रोज. उद्यापासून.

२६ जानेवारी, रविवार

या आठवड्यात ऑफिसात फार काम होतं. आज सुट्टी. आईला फोन केला.

आईच आली फोनवर. मागे गडबड होती, शेजारच्या बायका, कोणीतरी हसत होतं, नारळ खवल्याचा आवाज. विचारलं, गोळी घेतलीस? म्हणाली, हो. जेवलीस? अजून नाय. पाय दुखतो? नाय. बाकी? बाकी बरां.

पुढे मला काही सुचेना. आईशी बोलायला काही सुचेना! आता ठेवते की काय अशी भीती वाटली. ठेवू नये म्हणून तोंडाला आलं ते विचारलं. म्हटलं, आई, किती वाजले गं?

तिकडून वैशालीने हाक मारली. आई तिला म्हणाली, इलंय इलंय. मग मला म्हणाली, समोर बघ मां झिला, येवडो मोर असा. आणि फोन ठेवला.

बघितलं. सव्वाबारा.